मंगळवारी आपण काय जेवत होतो

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलताना मला भीती वाटायला नको, पण वाटते. हा कागद पुढे ओढण्याआधी मी हात धुऊन आलो. तुमच्या वर्गात शाईचे हात चालत नसत, आणि माझे केस पिकायला लागले तरी ती सवय गेली नाही. एक गोष्ट विचारायची आहे. विचारायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून तुम्हाला विचारतोय, एरवी तुमच्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. प्रश्न अगदी साधा आहे, वेडगळ वाटावा इतका. मंगळवारी तुमच्या घरी आपण काय जेवत होतो?

हसू नका. काकू विचारताहेत. मी त्यांना उत्तर दिलं आणि ते खोटं दिलं, म्हणून खरं काय ते आता तुमच्याकडून पाहिजे आहे. पण आधी जे तुम्हाला माहीत आहे तेच पुन्हा सांगतो. माझ्या तोंडून ते तुम्ही कधी ऐकलेलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी बोललो नाही, असं आपलं दोघांचं बरं चाललं होतं.

आमच्या गावाहून, तळ्याहून, मी अलिबागेस आलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी आणि एक तांब्या होता. वडिलांची भिक्षुकी तळ्याच्या आसपासच्या खेड्यांत, तिच्यातून तांदूळ आणि नारळ यांपलीकडे काही येत नसे, आणि पोराला इंग्रजी तर शिकवायचं होतं. मग वार लावले. आता माझ्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं, त्यांना ती एखादी जुनी दंतकथा वाटते. गरीब बामणाच्या पोराने सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरांचे मिंधे होऊन शिकायचं. वाराच्या पोराला जीभ असते ती फक्त पाठांतराला. पानात पडेल ते गुमान खायचं, मागायचं नाही, आणि बरं झालंय की वाईट हे तर चुकूनही बोलायचं नाही. बरं म्हटलं तर हावरट, वाईट म्हटलं तर माजलेला. माझा मंगळवार तुमच्याकडे होता. तो मी मागितलाही नव्हता. तुम्ही वर्गातच विचारलंत, "मंगळवार रिकामा आहे ना रे तुझा? मग ये घरी." सगळ्या वर्गासमोर विचारलंत म्हणून मला राग आला होता. तो रागही मला अजून आठवतो.

तुमचं स्वयंपाकघर मला असं दिसतं की हात लांब केला तर चुलीचं ओलं लिंपण बोटाला लागेल. मागच्या भिंतीत वीतभर खिडकी, तिच्यातून विहिरीचा काठ आणि शेजाऱ्यांची सुपारीची दोन झाडं. काकू फुंकणी घेऊन बसलेल्या, धुराने डोळे लाल. पाट तीन होते, त्यातला एक डुगडुगायचा आणि तो तुम्ही स्वतः घ्यायचात. काकूंचा मंगळवारचा उपास असे. स्वतःला संध्याकाळपर्यंत काही नाही आणि सकाळी आपल्या दोघांसाठी चूल. तुमचा एक नेम होता, वाराचा मुलगा पानावर बसल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. कधी मला उशीर झाला तर तुम्ही पाटावर तसेच बसून असायचात, पुस्तक मांडीवर, पान समोर झाकलेलं. "ये, ये. पळत आलास का? बस आधी, दम घे," काकू म्हणायच्या. जेवण झालं की शाळेच्या वेळेपर्यंत तुम्ही माझ्याकडून भाषांतर करून घ्यायचात, फुकट. त्याच भाषांतराच्या जोरावर मी आज पोटाला खातो. ताटं आठवतात, वाटीचा चेपलेला काठ आठवतो, काकूंच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांचा रंगसुद्धा. ताटात काय होतं ते आठवत नाही. भात होता. भात कुठे नसतो?

तो मंगळवार. विहिरीवर अंघोळ करून, ओला पंचा खांद्यावर टाकून मी तुमच्याकडे निघालो होतो. वाटेत वकिलांचं घर. त्यांचा गडी दारात उभाच होता, जणू माझ्यासाठीच. वकिलांच्या आईने गणपतीला नवस बोलला होता, दर मंगळवारी एक मुंजा मुलगा पानावर बसवायचा, आणि त्यांचा ठरलेला मुलगा तापाने पडला होता. "आज्जी बोलावतायत. अजून काही खाल्लं नाहीस ना? मग चल. पान वाढलंय," गडी म्हणाला. मी म्हणालो, माझा मंगळवार मास्तरांकडे असतो. तो म्हणाला, "आजच्या दिवस चल रे. नवस अडलाय म्हातारीचा." आणि मी गेलो. मला कुणी ओढून नेलं नाही. ओसरीपर्यंत वेलदोड्याचा वास येत होता, बस, एवढंच.

केळीचं पान, चांदीचा तांब्या, आचाऱ्याच्या हातचे उकडीचे मोदक. त्यांवर तूप असं धरलं की पाकळ्यांतून खाली उतरलं. मोदक तोंडात घातला आणि मी तुम्हाला विसरलो, असं लिहिलं तर ते शोभेल, पण ते खरं नाही. विसरलो नव्हतो. तुम्ही पाटावर झाकल्या पानासमोर बसून राहिला असाल हे मला प्रत्येक मोदकाला आठवत होतं, आणि मी खात होतो. तेवढ्यात उठून, पळत येऊन "मास्तर, आज माझी वाट पाहू नका" इतकं सांगून परत जाता आलं असतं. चार घरांचं तर अंतर. पण पानावरून उठलेल्या मुलाला पुन्हा बसवत नाहीत, नवस मोडतो. ही सबब मी तिथल्या तिथे शोधून काढली आणि पुढचा मोदक उचलला.

त्या दिवशी तुम्ही उपाशी शाळेत आलात. मला ते तुमच्याकडे बघून कळलं, कारण तुम्ही टेबलाचा कोपरा धरून उभे होतात आणि तुम्ही कधी टेबल धरत नसत. वाचनमालेतला धडा होता कसल्याशा इंग्रजी बागेचा, त्यात पीच नावाचं फळ होतं आणि त्याला विशेषण होतं डिलिशस. तुम्ही फळ्यावर शब्द लिहिलात. नवा शब्द आला की त्याचं गोत्र विचारल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, ही तुमची खोड. कुणीतरी म्हणालं, डिलिशस म्हणजे गोड. "गोडाला स्वीट आहे," तुम्ही म्हणालात, "आणि तो परका नाही रे. आपल्या स्वादूचा चुलतभाऊच तो, फार मागे एकाच घरातून बाहेर पडलेले आहेत दोघे. आपला रुचकर घ्या. रुच् म्हणजे आधी प्रकाशणं, मग आवडणं. जे आवडतं ते उजेडासारखं आहे, असं आपल्या लोकांना वाटलं. हा डिलिशस मात्र लॅटिन घराण्यातला. त्यात डे म्हणजे दूर, बाजूला. आणि लाकेरे म्हणजे भुलवणं. फासाला तिकडे जो शब्द आहे, तो याचाच भाऊबंद म्हणतात. चांगली चव म्हणजे काय, तर जी माणसाला भुलवून वाटेवरून बाजूला नेते ती. समुद्रावर गळाला काय लावतात रे?" मागच्या बाकावरून कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, "कोलंबी, मास्तर." सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात. मी हसलो नाही. माझ्या बोटांना अजून तुपाचा वास येत होता.

मास्तर, तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? हा दुसरा प्रश्न. त्या वाचनमालेतले धडे ओळीने चालले होते, तो धडा त्या दिवशी यायचाच होता, हे मी नंतर कितीदा तरी स्वतःशी पडताळून पाहिलं. म्हणजे तुम्ही मुद्दाम काही केलं नव्हतं. मग बोलताना तुम्ही एकदाही माझ्याकडे का पाहिलं नाहीत? एरवी शब्दाचं गोत्र सांगताना तुम्ही माझ्याकडे बघूनच सांगायचात. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. मी मनात सबबींची रांग लावली. तुम्ही विचारलंत, "बरा आहेस ना? काकू काळजी करत होती, की ताप वगैरे आला असेल." मी म्हणालो, वकिलांकडे बोलावलं होतं. आणि तुम्ही काही म्हणायच्या आत पुढचंही म्हणून टाकलं, की आता मंगळवार तिकडेच लावावा म्हणतायत. तसं कुणी म्हटलं नव्हतं अजून. ते माझं मीच ठरवलं होतं, तुमच्यासमोर उभ्या उभ्या. तुम्ही उपरणं सारखं केलंत आणि म्हणालात, "बरं झालं. तिकडे दूधतूप आहे, तुझं वाढीचं वय. भाषांतराला मात्र येत जा."

रागावला असतात तर मी सुटलो असतो हो. पुढे माझा मंगळवार खरोखरच वकिलांकडे लागला. भाषांतराला दोनदा आलो. पोट तडस लागेतो भरलेलं, डोळ्यांवर झापड. तुम्ही वाक्य सांगायचात आणि मी पेंगायचो. तिसऱ्या मंगळवारी आलो नाही. काकूंचा तर मी निरोपसुद्धा घेतला नाही. वार सोडताना घरच्या बाईला नमस्कार करून सांगायचं असतं, एवढी रीत वाराच्या कुठल्याही पोराला कळते. मी तुमच्या गल्लीतून जाणंच टाकलं, समुद्राच्या बाजूने लांबचा वळसा घालून शाळेत जायला लागलो. तुम्ही त्या मंगळवारी पुन्हा दुसरा मुलगा ठेवला नाहीत, हे मला सोबतच्या पोरांकडून कळलं. पुढे मी मॅट्रिक झालो, मुंबईस आलो. तुम्ही विषमज्वराने गेल्याचं कळलं तेव्हा रेवसची बोट सकाळचीच होती आणि मला रजाही मिळाली असती. मी गेलो नाही. काकूंसमोर कुठल्या तोंडाने जाऊन बसू?

आता मीही गिरगावात मुलांना इंग्रजी शिकवतो. तो शब्द दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धड्यात येतोच. मी फळ्यावर लिहितो, म्हणतो, डिलिशस म्हणजे रुचकर, आणि पुढच्या ओळीवर जातो. बाकी सगळ्या शब्दांची गोत्रं सांगतो, तुमचीच पाठ करून ठेवलेली, आणि पोरं मला विद्वान समजतात. एकट्या त्याचं सांगत नाही.

दिवाळीनंतर एक तरुण माणूस शाळेत मला शोधत आला. काकूंचा भाचा. तुमच्यानंतर काकू नागावला भावाच्या वाडीत गेल्या हे मला ऐकून माहीत होतं, पुढची चौकशी मी केली नव्हती. तो म्हणाला, "आत्याला आताशा फारसं आठवत नाही. आम्हालासुद्धा नावं चुकवून हाका मारते. पण मंगळवारचा मुलगा कुठे असतो, असं मात्र सारखं विचारते. तो मंगळवारचा मुलगा तुम्हीच ना?" मी हो म्हणालो. कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं झालं. नाताळच्या सुट्टीत बोटीने रेवसला उतरलो, पुढे मोटारीने अलिबाग, तिथून बैलगाडी.

काकू मागच्या पडवीत बसल्या होत्या, लाल अलवणात, सुपारी सोलून टाकलेल्या टरफलांच्या ढिगाशेजारी. इतक्या लहान झाल्या आहेत. मी पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास हो." वार गुरुवार होता, सन कुठला, मी कोण, काय काय त्यांच्या डोक्यात होतं देव जाणे. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. लपवून करायचं काय? मग त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि गुपित विचारावं तसं विचारलं, "यांना काय आवडायचं रे? सकाळपासून आठवत्ये मी. पातेलं दिसतं, झाकण काढते, आणि आत काय ते दिसतच नाही. इथल्या कुणाला विचारू? इथल्यांनी आमचं घर पाहिलंय कुठे? तू होतास ना पानावर. सांग बघू, काय करायची मी मंगळवारी?"

तुमच्या घरात तिसरा पाट माझा होता. साऱ्या जगात हे सांगू शकेल असा मी एकटा उरलोय, आणि मी तोंड उघडलं तर आत काही नाही. काही म्हणजे काहीच नाही, मास्तर. वकिलांकडचं सगळं ओळीने उभं राहिलं. मोदक तर होतेच, नारळीभात, अळूची भाजी, तिच्यातले खोबऱ्याचे काप, आणि गूळ घालून थापलेली तांदळाची खांडवी, वर नारळाचा रस. जिभेला नुसतं पाणी सुटलं, काकूंच्या पुढ्यात बसून. आणि मी म्हणालो, "खांडवी. तुम्ही खांडवी करायचात, काकू. मास्तर दोनदा मागून घ्यायचे."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी पुढे बोलतच सुटलो. आलं कसं किसायचात, वड्या कशा पाडायचात, तुम्ही काय म्हणायचात. घरातून भाचेसून बाहेर आली, तिला काकू म्हणाल्या, "ऐकलंस? माझी खांडवी विसरला नाही हो हा अजून." संध्याकाळपर्यंत वाडीत शिंपणं करायला येणाऱ्या बाईलाही त्यांचं सांगून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठतो तो काकू चुलीपुढे. भाचेसून दारात चुळबुळत उभी, आत्याबाईंना कुणी अडवायचं? ती शिंपणं करणारी बाई मला हळूच म्हणाली, "मी त आजींच्या हातची खांडवी कधी बघितली न्हाय. कालपासून आज त्यांना आठवली."

खांडवी झाली. रवा नीट भाजला नव्हता, कणी दाताखाली कचकच लागत होती, गूळ जरा करपला होता आणि मीठ घालायचं राहिलं होतं. आयुष्यात त्यांनी ती पहिल्यांदाच केली असणार, दुसऱ्याच्या आचाऱ्याची, माझ्या सांगण्यावरून. मला पाटावर बसवलं, पान मांडलं, स्वतः वाढलं. "तशीच झाल्ये ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तशीच." "यांना चालली असती?" मी म्हणालो, हो. मग त्या भिंतीला टेकून बसल्या, सगळं हाती लागल्यासारख्या निवांत.

त्या चवीने मला वाटेवरून बाजूला नेलं ते समजण्यासारखं आहे, मी हावरा होतो, पोर होतो. पण आता मी काकूंनाही नेलं. तुमच्या घरचं जे काही त्यांच्यापाशी थोडंफार उरलं असेल, त्यावर मी वकिलांचं पान मांडून आलो. त्यांना आता तुम्ही खांडवी मागून घेताना दिसता म्हणे, भाच्याने कालच्या पत्रात लिहिलंय, आत्या फार खूश आहे. म्हणून विचारतो. पिठलं होतं का, मास्तर? कुळीथ? नुसतं ताक आणि वर मेतकूट? काय असेल ते असो, मला एकदा कळलं तर मी नागावला जाऊन सांगेन, की काकू, माझं चुकलं, ते असं नव्हतं, असं होतं. सांगेन असं आज वाटतंय. त्यांचं ते भिंतीला टेकून बसणं आठवलं की वाटतं, नाही सांगवणार. तुमच्याकडून उत्तर येणार नाही हेही कळतंय, आणि हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा तेही मला ठाऊक नाही. उद्या चुलीत जाईल.

एक मात्र सांगतो. त्या दिवशी मी ती खांडवी दुसऱ्यांदा मागून घेतली. घरच्यांना वाटलं, म्हातारीचं मन राखतोय, आणि भाचेसुनेने माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं. तसं नव्हतं, मास्तर. कच्ची होती, करपली होती, अळणी होती, आणि मला ती आणखी हवी होती. तुमच्या घरची चव म्हणून माझ्या जिभेवर तेवढी एकच आहे.